शाओ-कांगची चाल

बाहेर पाऊस पडतोय. तैपेईतल्या एका घरात अभ्यासाला बसलेला पोरगा कर्कटकाच्या टोकावर झुरळ टोचतो. थोड्या वेळानं खिडकीची काच फोडून स्वतःचाच हात रक्तबंबाळ करून घेतो. का, ते सिनेमा सांगत नाही.

दिग्दर्शक त्साई मिंग-लियांगचा 'रेबेल्स ऑफ द निऑन गॉड' (१९९२) असा सुरू होतो. पोराचं नाव शाओ-कांग. बाप टॅक्सी चालवतो. क्लासला भरलेली फी हा परस्पर परत घेतो आणि आ-त्झ नावाच्या भुरट्या चोराच्या मागावर शहरभर भटकतो. बापाच्या टॅक्सीचा आरसा याच आ-त्झनं फोडलेला. सूड म्हणावा तर सूड, ओढ म्हणावी तर ओढ. त्साई दोन्ही शक्यता उघड्या ठेवतो.

इकडे आईला देवळात कळतं की पोरगा नेझाचा अवतार आहे. नेझा म्हणजे चिनी पुराणातला, बापावर उलटलेला बालदेव. शाओ-कांग हे चोरून ऐकतो आणि अंगात आल्याचं सोंग करतो. बाप संतापून जेवणाचा वाडगाच भिरकावतो. बापलेकांतला हा जवळपास सगळ्यात मोठा संवाद!

या सिनेमाचा संथपणा आला कुठून? बराचसा ली कांग-शेंगकडून. शाओ-कांग झालेला हा तरुण त्साईला व्हिडिओ गेमच्या दुकानाबाहेर सापडला. अभिनयाचा गंध नव्हता. त्साईच्याच १९९१च्या एका टीव्ही-चित्रपटात त्याच्या हालचाली इतक्या मंद, की त्साई वैतागला आणि जरा सहज वाग म्हणाला. मी असाच आहे, असं लीनं सांगितलं. मग त्साईनं त्याला घाई करणं सोडलं आणि आपला सिनेमाच त्याच्या चालीनं नेला.

पुढच्या चित्रपटांत शॉट लांबले, पार्श्वसंगीत गळालं. 'व्हिव्ह लामूर'च्या शेवटी पार्कातल्या बाकावर एक बाई सुमारे सहा मिनिटं रडते आणि कॅमेरा हलत नाही. आधी आपण कारण शोधतो, मग अवघडतो, मग कारणाचा नादच सोडून तिच्याकडे पाहू लागतो. १९९४ साली या चित्रपटाला व्हेनिसचा गोल्डन लायन मिळाला.

नंतरच्या 'वॉकर' मालिकेत हाच ली भिक्खूच्या वेषात मुंगीच्या पावलांनी शहरांतून चालतो. तिथे मात्र संथपणाच नायक होतो आणि शाओ-कांगची धुसफूस हरवते. त्साई पाहायचा तर सुरुवात १९९२पासूनच करावी.