जुनी सायकल घेताना

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालक दोन प्रश्न घेऊन येतात. पहिला, अकरावीला कोणती शाखा घ्यावी. दुसरा जरा संकोचत येतो : "सर, दीड हजारात बरी जुनी सायकल मिळेल का?" यंदा हे विचारणारे गृहस्थ जळगावच्या एमआयडीसीत दालमिलवर हमाली करतात. मुलगी अकरावीला, मुलगा आठवीत. घर नशिराबादच्या अगदी टोकाला. एसटीच्या थांब्यापर्यंत दोन किलोमीटर पायपीट, आणि सकाळची गाडी हुकली की त्या दिवसाचे कॉलेज बुडाले. असे दिवस वाढत गेले की घरात "पुरे आता शिक्षण" ही भाषा सुरू होते. मुलांपेक्षा मुलींच्या बाबतीत लवकर सुरू होते, हे आम्ही शिक्षक म्हणून कितीदा तरी पाहिले आहे.

सायकल कोणती, याआधी ती कुठवर जाणार हे ठरवावे. नशिराबाद ते जळगाव नऊ-दहा किलोमीटर, पण रस्ता राष्ट्रीय महामार्ग 53, म्हणजे आपला जुना 6 नंबर. ट्रक-ट्रेलरच्या त्या रांगेत शाळकरी मुलांना सायकलवर पाठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, मुलांना एक तृतीयांश भाड्यात. म्हणून सायकल घरापासून थांब्यापर्यंत, गावातल्या शाळेपर्यंत, आणि दळण, दूध, औषध आणायला. एवढ्या कामाला गेअर लागत नाहीत.

हे आम्ही पैसे घालवून शिकलो. काही वर्षांपूर्वी भाच्याच्या हट्टापायी गेअरची, जाड टायरची, शॉकअपवाली सायकल जुन्यात घेतली. रंग असा की नवी वाटावी. तीन महिन्यांत हँडलखालच्या जोडापाशी फ्रेम मोडली. रंगाखाली वेल्डिंग निघाले. माल विकताना त्यातला ऐब सांगणे हे आपल्याकडे विकणाऱ्याचे कर्तव्य मानले आहे, पण विकणाऱ्याने सांगितले नाही आणि आम्हीही पाहिले नाही.

दुसरा धडा आमच्या मुलीने दिला. तिच्या भावाची सायकल ती चालवी. तिला ना चेनकव्हर, ना मागच्या चाकाला जाळी. एके सकाळी ओढणी मागच्या चाकात गेली. मुलगी पडली, पुढचा दात अर्धा तुटला. सलवार, ओढणी, बुरखा, जे काही घालून मुलगी शाळेत जाते ते घालूनच ती सायकल चालवणार. त्यामुळे चेन पूर्ण झाकणारे कव्हर आणि मागच्या चाकाची जाळी पहिल्या दिवसापासून हवी. जुन्या सायकलींवर ही दोन्ही बहुधा काढून टाकलेली असतात. बसवून मिळतात, पण त्याचे पैसे भाव करतानाच वजा करावेत. आणि भाऊ-बहिणीत एकच सायकल घ्यायची असेल तर बिनदांडीची, लेडीज घ्यावी. ती मुलगाही चालवतो. दांडीची सायकल मुलगी मोठ्या कष्टाने चालवते, आणि मग हळूहळू ती फक्त मुलाचीच होते. मुले लेडीज म्हणून चार दिवस हसतात, नंतर विसरतात.

आता तपासणी. सायकल उन्हात उभी करून पाहावी, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नव्हे. हँडलखालच्या जोडापाशी रंगाला सुरकुती, तडा किंवा एवढ्याच जागी नवा रंग दिसला तर सायकल कुठेतरी धडकलेली आहे. ती सोडून द्यावी, फुकट दिली तरी. चिमटा बाजूने पाहावा, मागे दबलेला नको. मग एक सुतळी घ्यावी. मागच्या आसाच्या एका टोकापासून पुढे हँडलखालच्या नळीला वळसा देऊन आसाच्या दुसऱ्या टोकाला ताणून धरावी. सीटखालच्या नळीपासून सुतळीचे अंतर दोन्हीकडे सारखे भरले तर फ्रेम सरळ.

चाक उचलून फिरवावे. ब्रेकच्या रबराजवळ रिम डावी-उजवी होत असेल तर चाक आऊट आहे. थोडा आऊट मिस्त्री स्पोक आवळून काढतो. रिमलाच खड्डा असेल तर रिम बदलावी लागते. चेनसाठी शाळेची फूटपट्टी पुरते. शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा, चेन ताणलेली असू द्या. 12 इंचांवर बरोबर दुसऱ्या पिनचा मध्य यायला हवा. तो अष्टमांश इंच पुढे गेला असेल तर चेन संपली, आणि बहुधा तिच्याबरोबर फ्रीव्हीलही. पायडल मारताना दर फेरीला एकदा हिसका बसला तर घाबरू नये, कॉटर पिन झिजली असेल. ते किरकोळ काम आहे.

आपल्या खानदेशातल्या उन्हात उभ्या राहिलेल्या सायकलीचे टायर झिजण्याआधी तडकतात. नक्षी शाबूत आहे म्हणून फसू नये, टायर बाजूने दाबून पाहावा. भेगा उघडल्या तर टायर गेला.

नंबर फ्रेमवर ठोकलेला असतो, सीटखालच्या नळीवर किंवा पायडलच्या आसाखाली. तो घासलेला असेल तर हात लावू नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, आणि चौकशी येते ती सायकल चालवणाऱ्या पोरापर्यंत. पावती साध्या कागदावर चालेल, पण तीत नंबर, तारीख आणि दोघांच्या सह्या हव्यात.

मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 125 तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. आपला तालुका त्यात आहे का, हे मुख्याध्यापकांना आधी विचारावे.

त्या गृहस्थांबरोबर आम्ही तीन रविवार फिरलो. चौथी सायकल पसंत पडली. एका घरात मुलीचे लग्न झाल्यापासून पडून असलेली लेडीज, 26 इंची, रंग उडालेला, कव्हर आणि जाळी जागेवर. 900 रुपयांत दिली. मागचा टायर-ट्यूब 350, ब्रेकची रबरे 40, ओव्हरऑइलिंग 200. एकूण 1,490. थांब्याजवळच्या किराणा दुकानदाराने दुकानाच्या बाजूला सायकल लावायला जागा दिली आहे. संध्याकाळी तीच सायकल घेऊन भाऊ दळणाला जातो. कुलूप नवे घेतले, त्याचे पैसे मुलीने आपल्या ईदीतून दिले.