विज्ञानकाल्पनिक मॅटिनी चित्रपटमालिका

विज्ञानकाल्पनिक मॅटिनी चित्रपटमालिका हा अमेरिकी चित्रपटसृष्टीतील एक लोकप्रिय प्रकार होय. इ.स. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो बहरात होता. एकच साहसकथा साधारणतः १२ ते १५ भागांत विभागून दर आठवड्यास एक भाग याप्रमाणे चित्रपटगृहांत दाखविली जाई. हे खेळ बहुधा शनिवारी दुपारी होत व त्यांचा मुख्य प्रेक्षकवर्ग शाळकरी मुलांचा असे. अग्निबाण, परग्रहावरील राज्ये, किरणास्त्रे आणि जगज्जेते होऊ पाहणारे खलनायक ही या मालिकांची ठरलेली सामग्री होती. त्यांची गोडी कथेत होती तितकीच दोन भागांमधील आठवड्याच्या प्रतीक्षेतही होती. ही प्रतीक्षा वगळून त्या पाहिल्या असता त्यांतील दोष ठळक होतात आणि गुण झाकले जातात.

स्वरूप

मालिकेचा पहिला भाग बहुधा अर्ध्या तासाचा व पुढील भाग सुमारे २० मिनिटांचे असत. दुपारच्या खेळात वार्तापट, व्यंगचित्रपट आणि एखादा काउबॉयपट यांच्या जोडीला मालिकेचा भाग दाखविला जाई. प्रत्येक भागाचा शेवट नायक वा नायिका प्राणसंकटात सापडल्यावर होई. कड्यावर लोंबकळणाऱ्या नायकाच्या दृश्यावरून अशा शेवटास ‘क्लिफहँगर’ हे नाव पडले. मराठी मासिकांतील कादंबरीच्या प्रकरणाखाली छापला जाणारा ‘क्रमशः’ हा शब्द वाचकास जसा पुढील अंकाची वाट पाहावयास लावतो, तसेच काम हा शेवट करीत असे.

पुढील भागाच्या आरंभी मागील कथेचा सारांश देण्यात येई. मागचा शनिवार हुकलेल्या मुलासही त्यामुळे कथेचा धागा सापडे.

उगम

भागशः चित्रपट दाखविण्याची पद्धत मूकपटांच्या काळातील आहे. १९१४ मधील ‘द पेरिल्स ऑफ पॉलीन’ ही त्या काळातील गाजलेली मालिका. विज्ञानकल्पनेचा या प्रकारातील ठळक प्रवेश मॅस्कॉट कंपनीच्या ‘द फँटम एम्पायर’ (१९३५) या १२ भागांच्या मालिकेने झाला. गायक-अभिनेता जीन ऑट्री याने साकारलेला काउबॉय तीत भूगर्भातील म्युरेनिया या प्रगत राज्यात जाऊन पोहोचतो. तेथील यंत्रमानवांच्या व किरणास्त्रांच्या तावडीतून सुटून त्याला आपल्या रेडिओ कार्यक्रमासाठी वेळेवर परतावयाचे असते. न परतल्यास त्याच्या हातून कुरण जाणार असते. अद्भुत आणि घरगुती यांची ही सरमिसळ पुढील अनेक मालिकांत आढळते.

फ्लॅश गॉर्डन

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध कृती म्हणजे युनिव्हर्सल कंपनीची ‘फ्लॅश गॉर्डन’ (१९३६) ही १३ भागांची मालिका. ॲलेक्स रेमंड यांची याच नावाची चित्रकथा ७ जानेवारी १९३४ पासून वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होऊ लागली होती. तिच्यावर आधारलेल्या मालिकेचे दिग्दर्शन फ्रेडरिक स्टेफनी यांनी केले. नायकाची भूमिका लॅरी ‘बस्टर’ क्रॅब यांनी केली. क्रॅब हे मूळचे जलतरणपटू असून १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मुक्तशैलीत त्यांनी सुवर्णपदक पटकाविले होते. डेल आर्डेन या नायिकेची भूमिका जीन रॉजर्स यांनी, तर मोंगो ग्रहाचा सम्राट मिंग याची भूमिका चार्ल्स मिडलटन यांनी केली.

मोंगो हा ग्रह पृथ्वीच्या रोखाने वेगाने येत असतो. तो थोपविण्यासाठी डॉ. झारकॉव्ह हे शास्त्रज्ञ स्वतः बांधलेल्या अग्निबाणातून फ्लॅश व डेल यांना घेऊन निघतात. मोंगोवर त्यांना सिंहमानव, समुद्रतळी राहणारे मत्स्यमानव आणि आकाशात तरंगणाऱ्या नगरीतील पंखधारी ससाणामानव भेटतात. पहिल्या भागाच्या अखेरीस फ्लॅश आणि त्याच्या बाजूने उभी राहिलेली मिंगची कन्या ऑरा हे दोघेही पायांखालची जमीन उघडून विवरात कोसळताना दिसतात आणि प्रेक्षकास आठवडाभर थांबावे लागते.

या यशानंतर ‘फ्लॅश गॉर्डन्स ट्रिप टू मार्स’ (१९३८, १५ भाग) आणि ‘फ्लॅश गॉर्डन काँकर्स द युनिव्हर्स’ (१९४०, १२ भाग) या मालिका निघाल्या. क्रॅब यांनीच १९३९ मधील ‘बक रॉजर्स’ या १२ भागांच्या मालिकेतही नायकाची भूमिका केली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९३६ ची मालिका १९९६ साली राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत समाविष्ट केली.

निर्मितितंत्र

‘फ्लॅश गॉर्डन’ ही तत्कालीन मालिकांच्या मानाने खर्चिक होती. तरीही तिच्यात काटकसरीच्या खुणा जागोजागी दिसतात. युनिव्हर्सलच्या भयपटांसाठी उभारलेले देखावे तीत पुन्हा वापरले आहेत आणि ‘ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन’ (१९३५) या चित्रपटाचे संगीतही त्यात ऐकू येते. मोंगोवरील काही अजस्र प्राणी म्हणजे जवळून चित्रित केलेल्या घोरपडीसारख्या इग्वाना सरड्यांच्या आकृती होत. अग्निबाणांच्या लहान प्रतिकृतींमागून ठिणग्या उडतात आणि निर्वात अवकाशातही धूर सरळ वर जातो.

रिपब्लिक कंपनीत हॉवर्ड व थिओडोर लायडेकर या बंधूंनी प्रतिकृतींचे काम अधिक सफाईने केले. ‘किंग ऑफ द रॉकेट मेन’ (१९४९) मधील उडत्या नायकासाठी त्यांनी पूर्णाकृती पुतळा तारांवरून सरकविला. कातडी जाकीट, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे शिरस्त्राण आणि छातीवर वर-खाली व जलद-मंद यांची बटणे असा या नायकाचा वेष होता. ‘रडार मेन फ्रॉम द मून’ (१९५२) या मालिकेत हाच वेष आणि उड्डाणाची जुनी दृश्ये पुन्हा उपयोगात आणली गेली.

विज्ञानाच्या दृष्टीने या यंत्रांना फारसा अर्थ नाही. परंतु पडद्यावर जे अपुरे दाखविले जाई, ते बालप्रेक्षक कल्पनेने पुरे करीत, आणि त्यासाठी त्यांच्यापाशी सात दिवस असत.

प्रेक्षकाचा विश्वास

मालिकेचा निर्माता आणि तिचा प्रेक्षक यांच्यात एक अलिखित करार असे. नायक वाचणार हे मुलांना ठाऊकच असे. तो कसा वाचणार, हा खरा प्रश्न होता. पुढील भागातील सुटका आधी दाखविलेल्या गोष्टींतूनच निघाली, तर आठवडाभर लढविलेले तर्क सार्थकी लागत. अनेक मालिकांत मात्र हा करार मोडला जाई. आधीच्या भागात गाडी नायकासह दरीत कोसळताना दाखवीत आणि पुढील भागात, कोसळण्यापूर्वीच त्याने बाहेर उडी घेतल्याचे नवे दृश्य मध्येच घुसवीत.

स्टीफन किंग यांच्या ‘मिझरी’ (१९८७) या कादंबरीतील ॲनी विल्क्स हे पात्र बालपणी पाहिलेल्या अशाच एका फसवणुकीविषयी संताप व्यक्त करते. मालिकेच्या पहिल्या प्रदर्शनानंतर कित्येक वर्षांनी लिहिलेल्या कादंबरीत ही तक्रार यावी, यावरून बालप्रेक्षक कथेतील प्रामाणिकपणाबाबत किती काटेकोर असत हे लक्षात येते. अग्निबाणाची दोरी दिसली तर ते चालवून घेत. कथेने खोटे बोललेले त्यांना चालत नसे.

मर्यादा

या मालिकांतील काही चित्रणे आज खटकणारी आहेत. मिंगचे नाव, पेहराव व दाढीमिशा यांवर, पौर्वात्य लोक पाश्चात्त्य जगावर चालून येतील या तत्कालीन वंशद्वेषी भीतीची छाया आहे. नायिकेच्या वाट्यास बहुतेक वेळा पळवून नेले जाणे आणि मूर्च्छा येणे एवढेच येते. फ्लॅशसाठी पित्याशी वैर पत्करणारी ऑरा ही त्या मानाने स्वतंत्र बुद्धीची व्यक्तिरेखा आहे.

ऱ्हास

युनिव्हर्सलने १९४६ साली मालिकांची निर्मिती थांबविली. पुढे दूरचित्रवाणीने भागशः साहसकथा घरातच उपलब्ध करून दिल्या आणि शनिवारच्या खेळाचे महत्त्व ओसरले. कोलंबिया कंपनीची ‘ब्लेझिंग द ओव्हरलँड ट्रेल’ (१९५६) ही अमेरिकी चित्रपटगृहांसाठी निघालेली अखेरची मालिका ठरली. जुन्या मालिका मात्र दूरचित्रवाणीवरून दाखविल्या जात राहिल्या आणि त्यांना नव्या पिढीचा प्रेक्षक लाभला.

वारसा

दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना ‘फ्लॅश गॉर्डन’वर चित्रपट काढावयाचा होता, हक्क न मिळाल्याने त्यांनी स्वतंत्र कथा रचली. तीच ‘स्टार वॉर्स’ (१९७७) होय. तिच्या आरंभी पडद्यावर दूर सरकत जाणारा मजकूर १९४० च्या मालिकेतील सारांशाच्या धर्तीवर आहे. भारतात टाइम्स ऑफ इंडिया समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून फ्लॅश गॉर्डनच्या चित्रकथा प्रसिद्ध झाल्या. ही पुस्तके मराठीतही निघत असत.

आजचे रसग्रहण

१९३६ च्या मालिकेचे सर्व भाग एकत्र केल्यास सुमारे चार तासांचा अवधी होतो. ते सलग पाहिल्यास तेच ते देखावे, तेच सारांश आणि त्याच झटापटी कंटाळवाण्या वाटतात, कारण ही पुनरावृत्ती आठवड्याने परतणाऱ्या प्रेक्षकासाठी योजलेली होती. एका बैठकीत एकच भाग पाहून मध्ये काही दिवस जाऊ दिल्यास सारांशाची गरज पटते, शेवटाचा ताण जाणवतो आणि सुटकेविषयी तर्क करण्यास सवड मिळते. मालिकेच्या मूळ प्रेक्षकास ही सवड वेळापत्रकाने आपोआप मिळत होती. आजच्या प्रेक्षकास ती स्वतःहून घ्यावी लागते.