पंधरा आणे आणि तीन आणे

देशाचे उत्पन्न वाढले, असे दरवर्षी आपल्या कानी येते. ते बहुधा खरेही असते. परंतु वाढले ते कोणाच्या पदरात पडले, हा प्रश्न निराळा आहे आणि तो मोजल्याशिवाय सुटत नाही.

दहा घरांची एक आळी घेऊ. नऊ घरांचे मासिक उत्पन्न प्रत्येकी 10 हजार, दहाव्याचे 1 लाख 10 हजार. सरासरी निघते 20 हजार. पुढे दहाव्या घराचे उत्पन्न 2 लाख 10 हजार झाले, बाकीच्यांचे होते तेवढेच राहिले. सरासरी आता 30 हजार! आळीची दीडपट भरभराट झाली, असे कागद सांगेल. नऊ घरच्या चुलींना त्याचा पत्ताही नसेल. म्हणून आळीच्या मधल्या घराचे आणि सर्वांत खालच्या घरांचे काय झाले, हे वेगळे पाहावे लागते.

1963 साली लोकसभेत हाच वाद रंगला. 27 कोटी लोक रोज तीन आण्यांवर जगतात, असे डॉ. राममनोहर लोहिया म्हणाले. पंडित नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा सांगितला. वास्तविक पंधरा आणे ही साऱ्या देशाची सरासरी होती आणि लोहिया बोलत होते तळच्या माणसांविषयी. दोघे एकाच वस्तूचे माप घेत नव्हतेच.

त्या वादाला शास्त्रीय बैठक मिळाली ती पुण्याच्या गोखले संस्थेत. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली राष्ट्रीय नमुना पाहणीतील खर्चाचे आकडे घेतले व लोकसंख्येचे थर पाडून प्रत्येक थराचा खर्च तपासला. विकासाचा लाभ मुख्यत्वे वरच्या 40 टक्क्यांपाशी थांबला, आणि शहरांतील तळच्या थराचा खर्च तर उलट घटला, असे त्यांना आढळले. या पद्धतीतही एक उणीव आहे. पाहणी खर्चाची होते, उत्पन्नाची नव्हे. श्रीमंताची शिल्लक तीत दिसत नाही, आणि त्याचा दरवाजा पाहणी करणाऱ्याला उघडतोही क्वचितच. विषमता त्यामुळे आहे त्याहून कमीच भासते. तरीही 2022-23 च्या पाहणीत ग्रामीण भागातील तळच्या 5 टक्क्यांचा दरमहा दरडोई खर्च सरासरी 1,373 रुपये आणि वरच्या 5 टक्क्यांचा 10,501 रुपये निघाला.

आपल्या नाशिक जिल्ह्यातच पाहा. निफाड-दिंडोरीची द्राक्षे परदेशी जातात, सातपूर-अंबडचे कारखाने चालतात, आणि या साऱ्यांत सुरगाणा-पेठ मिसळून जिल्ह्याची एकच सरासरी काढली जाते. (नोटा छापण्याचा मान नाशिकरोडला आहे, त्यांची वाटणी मात्र तिथे होत नाही!) छाटणीच्या हंगामात सुरगाण्याहून मजूर बागांवर येतात. द्राक्षाचा भाव चढला, तर त्यांची मजुरी चढली का? वर्षाकाठी कामाचे दिवस किती भरले? त्या मजुरीत बाजारात नागली-तांदूळ किती आले? जिल्ह्याच्या एका आकड्यात यांपैकी कशाचेच उत्तर नसते. ते तालुक्यातालुक्याने आणि थराथराने विचारावे लागते. आणि ज्यांना विचारायचे, ते हंगामात गावी सापडत नाहीत, बागेच्या कडेला पालात असतात.