दोष हँडलाचा नव्हे

मोटारीचे बाहेरचे हँडल तुटून हातात आले, की मालक सहसा दोन निष्कर्ष तत्काळ काढून मोकळा होतो : पहिला, हल्लीच्या मोटारींत प्लॅस्टिकच फार झाले आहे, आणि दुसरा, ज्याने ते ओढले त्याच्या जोराला काही सुमार नव्हता. हे दोन्ही निष्कर्ष सर्वस्वी खोटे नसले तरी अपुरे आहेत. कारण वर्षानुवर्षे दोन बोटांच्या ओढीने उघडणारे दार ज्या दिवशी साऱ्या पंजाचा जोर मागू लागते, त्या दिवशीच हँडलाचे भवितव्य ठरून गेलेले असते, आणि पुढे ते कोणाच्या हातून तुटते हा केवळ योगायोगाचा भाग उरतो. दफ्तरातील दिरंगाईचा राग दारावरच्या शिपायावर निघावा, तसा दाराच्या पोटातील कोरड्या, गंजक्या यंत्रणेचा सारा ताण हँडलावर निघतो. म्हणून नवे हँडल बसवण्याआधी जुने का तुटले याचा तपास करणे, हे या दुरुस्तीतले पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम होय.

या तपासासाठी दाराची अंतर्रचना थोडीशी जाणून घेणे अवश्य आहे. बाहेरचा पत्रा आणि आतले पॅड यांमधील पोकळीत, बिजागऱ्यांच्या विरुद्ध कडेला, तळहाताएवढी एक पोलादी पेटी बसवलेली असते. तिचे शास्त्रीय नाव लॅच, पण गॅरेजमध्ये सरसकट तिला ‘लॉक’च म्हणतात. तिच्यातील मुख्य भाग दोन : एक फिरता आकडा, आणि त्याला रोखून धरणारा अडसर. दार लोटले की चौकटीच्या खांबावर पक्की बसवलेली लोखंडी कडी आकड्याच्या खाचेत शिरून त्याला फिरवते, आणि अडसर स्प्रिंगच्या जोराने त्याच्या दातात जाऊन बसतो. आकड्याला दात दोन असतात. म्हणून दार हळूहळू दाबत लावले तर लागोपाठ दोन खटके ऐकू येतात, आणि पहिल्याच दातावर थांबलेले दार लागल्यासारखे दिसत असले तरी ते अर्धेच लागलेले असते. बाहेरच्या हँडलाची सळई, आतल्या हँडलाची सळई किंवा केबल, किल्लीच्या कुलपाची सळई, आतल्या बटनाची सळई आणि सेंटर लॉक असल्यास त्याच्या चिमुकल्या मोटरची जोडणी, या साऱ्या वाटा त्या पेटीपाशी येऊन मिळतात. हँडल ओढले की अडसर बाजूला सरून आकडा मोकळा होतो; कुलूप लावले की ती ओढ अडसरापर्यंत पोचतच नाही.

दोन दातांची ही योजना सहजासहजी अस्तित्वात आलेली नाही. ह्यू डी हेवन या गृहस्थांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानाच्या अपघातातून वाचल्यावर, अपघातात माणूस नेमका कशाने दगावतो या प्रश्नाचा ध्यास घेतला आणि १९४२ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्याचे पद्धतशीर संशोधन सुरू केले. पुढे मोटार-अपघातांची छाननी झाली तेव्हा असे आढळले की, धडकेच्या धक्क्याने दारे उघडून माणसे बाहेर फेकली जातात, आणि गाडीत राहिलेल्यांपेक्षा फेकल्या गेलेल्यांच्या जिवाला धोका कितीतरी अधिक असतो. १९५६ सालच्या फोर्ड गाड्यांना दाराचे सुधारलेले लॅच देण्यात आले ते याच जाणिवेतून. आणि १९६८च्या आरंभापासून अमेरिकेत दाराच्या लॅचविषयी सरकारी मानक अमलात आले. त्याप्रमाणे पूर्ण लागलेल्या लॅचने लांबीच्या दिशेने सुमारे ११,००० न्यूटन, म्हणजे एका टनाहून अधिक वजनाची ओढ सोसली पाहिजे. अर्ध्या लागलेल्या लॅचकडून मात्र याच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे ४,५०० न्यूटनांचीच अपेक्षा आहे. आपल्याकडे पन्नाशीच्या दशकात ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गाडीच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असत. धावत्या गाडीचे असे दार जरा उघडले तरी वाऱ्याच्या झोताने ते सताड उघडण्याचे भय असे. तेव्हा ‘लागते आहे ना, मग चालेल’ हा न्याय मोटारीच्या दाराला लावणे उचित नव्हे.

आता प्रत्यक्ष बिघाडाकडे वळू. दार उघडत नाही एवढ्याने काहीच निष्पन्न होत नाही. ते कोणत्या बाजूने उघडत नाही हे आधी पाहावे. मागचे दार बाहेरून उघडते आणि आतून उघडत नाही, असे असेल तर मेस्त्रीकडे धाव घेण्याआधी ते उघडून त्याच्या कडेवरची लहानशी कळ पाहावी. मुलांच्या सुरक्षिततेसाठी ठेवलेले ‘चाइल्ड लॉक’ गाडी धुताना नकळत लागून गेल्याचे पुष्कळदा आढळते. आतून उघडते पण बाहेरचे हँडल पोकळ, निर्जीव हलते, तर हँडलाचा आतील दांडा मोडला आहे किंवा सळई अडकवणारी प्लॅस्टिकची क्लिप उन्हातान्हाने ठिसूळ होऊन निखळली आहे, असे समजावे. आतले बटन धड वर नाही, धड खाली नाही, असे मध्येच अडले असेल तर संशय कुलपाच्या जोडणीवर किंवा सेंटर लॉकच्या मोटरवर घ्यावा. आणि बटन पूर्ण वर असूनही दोन्ही हँडले जड लागत असतील, तर मूळ दोषी लॅचच होय.

लॅचची ही दशा करण्यात आपल्या हवेचा वाटा मोठा आहे. काचेच्या कडेने पावसाचे पाणी दाराच्या पोटात उतरणारच, हे गृहीत धरूनच दाराच्या तळाशी निचऱ्याची भोके ठेवलेली असतात; पण चिखलाने ती बुजली की पाणी आतच साचते, आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत गंजाला आणखी काय हवे? घाटावर पाऊस बेताचा असला तरी धूळ मुबलक. ती कारखान्यात भरलेल्या ग्रीसमध्ये मिसळून त्याचे हळूहळू मेणासारखे घट्ट कीट बनवते. त्यातही जे दार क्वचित उघडले जाते त्याची अवस्था सर्वांत वाईट, कारण नित्य हालचालीने होणारी साफसफाई त्याच्या वाट्याला येत नाही.

बंद अवस्थेत जाम झालेले दार उघडण्यासाठी पहार, हातोडी किंवा पेचकस फटीत खुपसण्याची अनेकांना घाई होते. तिचा परिणाम म्हणून पत्रा वाकतो आणि लॅचच्या खर्चात डेंटिंग-पेंटिंगची भर पडते. वास्तविक येथे जोरापेक्षा विचाराचे काम आहे. दाराभोवतीची रबरी बीडिंग दाराला सतत बाहेर ढकलत असते, तो दाब कडीमुळे आकड्यावर आणि आकड्यामुळे अडसरावर येतो, आणि गंजलेला अडसर त्या दाबाखाली जागचा हलत नाही. म्हणून एकाने हँडल ओढून धरावे आणि दुसऱ्याने त्याच वेळी लॅचच्या जागी दार तळहाताने आत दाबून सोडावे, पुन्हा दाबावे; दाब क्षणभर हटताच अडसर सरकतो आणि दार उघडते. तत्पूर्वी बीडिंग किंचित बाजूला करून, बारीक नळीने कडीच्या रोखाने गंज सोडवणारा फवारा मारावा आणि त्याला मुरायला अवधी द्यावा. डब्ल्यूडी-४० हा असा सर्वपरिचित फवारा १९५३ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे, धातूवरील पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार करण्यात आला होता. जे द्रव्य पाणी हटवते आणि कीट सोडवते, ते टिकाऊ वंगणाचे काम करीलच असे नाही. म्हणून दार उघडताच लॅच पुसून घेऊन त्यात पांढरे ग्रीस भरणे आवश्यक असते. ही दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि काही महिन्यांनी तेच दार पुन्हा अडते.

लॅच मोकळा झाला म्हणजे हँडलाची पाळी. काच पूर्ण वर घ्यावी. दारात विजेची जोडणी असेल तर बॅटरीची तार सोडवावी. आतल्या हँडलामागचे आणि हातटेकणीखालचे स्क्रू बहुधा लहान टोपणांखाली दडलेले असतात. हाताने फिरवायच्या काचेची मूठ काढणे हे नवख्याला कोडेच वाटते, कारण तिला बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. मुठीमागे नालाच्या आकाराची स्प्रिंगची क्लिप असते, आणि जुन्या धोतराची एक चिंधी मूठ व तबकडी यांच्या फटीत घालून, दोन्ही टोके धरून करवतीसारखी मागे-पुढे ओढली, की ती क्लिप टुणकन उडते. ती उडून सीटखाली जाऊ नये म्हणून दुसऱ्याचा हात आडवा असावा. मग कडेच्या क्लिपा एकेक करून सोडवत पॅड काढावे. त्यामागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद पुष्कळ गॅरेजांत निरुपयोगी समजून फाडून टाकतात. परंतु दारात उतरलेले पाणी गाडीच्या आत येऊ न देण्याचे काम तोच करतो, म्हणून तो अलगद सोडवून पुन्हा जसाच्या तसा चिकटवावा.

पत्र्याच्या भोकांतून आत हात घालताना जाड हातमोजे घालावेत, कारण भोकांच्या कडा पात्यासारख्या असतात. सळईची क्लिप बाजूला फिरवून सळई मोकळी करावी, हँडलाचे नट सोडवावेत, आणि जुने हँडल बाहेर घ्यावे. नवे आणायला जाताना जुने बरोबर न्यावे हे उत्तम. कारण डावे-उजवे आणि पुढचे-मागचे यांत फरक असतो, आणि पुण्याच्या नाना पेठेतील दुकानदार काय किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारातील व्यापारी काय, नमुना पाहूनच वस्तू नेमकी देऊ शकतो. हँडल भंगारातले घेतले तरी एकवेळ चालेल. लॅच मात्र नवाच घ्यावा, कारण त्याच्या दातांची झीज वरून दिसत नाही. ज्या गाड्यांत किल्लीचे कुलूप हँडलातच बसते, तेथे जुने कुलूप काढून नव्या हँडलात बसवून घ्यावे, म्हणजे एका गाडीला दोन किल्ल्या बाळगण्याचा प्रसंग येत नाही. सळईच्या टोकाला आटे असतील तर तिची लांबी अशी जुळवावी की हँडल स्वस्थ असताना किंचित सैलपणा राहील. अजिबात सैलपणा न ठेवल्यास अडसर अर्धवट उचललेलाच राहतो आणि खड्ड्यातील धक्क्याने दार उघडण्याची भीती असते.

यानंतर उत्साहाच्या भरात दार लावून पाहण्याचा मोह अनावर होतो, आणि नेमका तोच आवरायचा असतो. दार उघडे ठेवूनच पेचकसाच्या दांड्याने आकडा दाबावा. दोन खटके ऐकावेत. मग बाहेरचे हँडल ओढावे, आकडा पूर्ण उलटून मोकळा झाला पाहिजे. हीच परीक्षा आतल्या हँडलाने, किल्लीने आणि बटनाने क्रमाक्रमाने घ्यावी. सळई नीट अडकली नसेल तर हे येथे, हाताशी असताना कळते. दार लावल्यावर कळले, तर बंद दाराचे पॅड आतून उकलण्याची आपत्ती ओढवते.

किल्लीच्या कुलपाचा विषय थोडक्यात आटोपता येईल. त्यात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, आणि किल्लीच्या खाचा त्यांना योग्य उंचीवर आणतात, तेव्हाच कुलूप फिरते. किल्ली झिजली की पट्ट्या चुकतात. आणि झिजलेल्या किल्लीवरून काढलेली नक्कलही झिजेसकटच निघते. म्हणून घरातली न वापरलेली दुसरी किल्ली आधी लावून पाहावी. कुलपात कोरडी ग्रॅफाइटची पूड घालावी. तेलाबरोबर ती घातल्यास दोन्हींचा चिखल होतो.

हे सारे घरी करावे की नाही, याचा निर्णय गाडीचे वय पाहून घ्यावा. हाताने काच फिरवण्याच्या जुन्या गाड्यांत हे काम धीराच्या गृहस्थाला साधण्यासारखे आहे. ज्या गाड्यांच्या दारांत धडक ओळखणारी संवेदक यंत्रे आणि एअरबॅगची जोडणी असते, तेथे अनुभवी हातच हवा. वंगणाचे काम मात्र प्रत्येकाच्या आवाक्यातले आहे. दसऱ्याला पावसाळा संपत आलेला असतो आणि गाडी धुऊनपुसून पूजेसाठी उभी असते. त्याच वेळी चारही लॅच व बिजागऱ्या पुसून ग्रीस भरावे आणि तळाची भोके काडीने मोकळी करावीत.

कित्येक घरांतील मोटारीचे एखादे दार ‘जरा वर उचलून ओढा’ अशा युक्तीने उघडते, आणि मालकाला त्या युक्तीचे कौतुकही असते. परंतु अपघाताच्या वेळी किंवा पाणी भरलेल्या रस्त्यात मदतीला धावून येणारा माणूस परका असतो आणि त्याला ती युक्ती ठाऊक नसते. तेव्हा दुरुस्ती घरी होवो वा गॅरेजमध्ये, तिची कसोटी एकच मानावी : कोणाही अनोळखी माणसाला, काहीही न सांगता, गाडीचे प्रत्येक दार आतून आणि बाहेरून एका ओढीत उघडता आले पाहिजे.