विमानाने नऊ मिनिटं!

मित्रांनो, आधीच सांगते, मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होते. तेव्हा शुद्धलेखनाला हसू नका, आकडे मात्र जरूर तपासा!

आमचं घर लोधिवलीला, जुन्या मुंबई-पुणे हायवेजवळ. गेल्या पावसाळ्यात पुण्याला आजीचं ऑपरेशन होतं, तिला सकाळी नऊला आत नेणार होते. लोधिवली ते पुणे नव्वदेक किलोमीटर, म्हणून आम्ही आरामात पाचला निघालो. घाटात एक कंटेनर आडवा झाला होता... बसलो! पप्पा स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाले, "विमान असतं तर दहा मिनिटांत पोचलो असतो." पावणेदहाला पोचलो तेव्हा आजीला आत नेलं होतं. बंगळूरहून विमानाने आलेला मामा मात्र तिला भेटला होता.

आजी आता ठणठणीत आहे. पण ती दहा मिनिटं माझ्या डोक्यातून जाईनात. लोधिवलीला काही विमानतळ नाही, म्हणून मुंबई-पुणे धरलं.

मुंबई विमानतळ साधारण १९.०९ अक्षांश, ७२.८७ रेखांश, पुण्याचा १८.५८ आणि ७३.९२. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किमी, आणि आपल्याकडे एक अंश रेखांश सुमारे १०५ किमी. बाकी काम पायथागोरसचं. उत्तर १२४ किमी. गंमत म्हणजे नकाशावर ही सरळ रेघ आमच्या गावाजवळूनच जाते! ताशी ८०० किमी वेगाने भागलं तर नऊ मिनिटं. म्हणजे पप्पा बरोबर?

नाही ना! दहा हजार फुटांखाली विमानाला साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किमीची मर्यादा असते. वर चढतंय न चढतंय तोच उतरायची तयारी. शिवाय रनवेच्या दिशेला वळून यायचं, आणि लोहगाव पडला हवाई दलाचा तळ. त्यात चेक-इन, सिक्युरिटी, सामान, दोन्हीकडचा शहरातला ट्रॅफिक. हा वेळ १२४ किमीला लागतो तेवढाच बंगळूरच्या सातशेला लागतो. म्हणून लांबच्याला विमान परवडतं, जवळच्याला नाही.

जमिनीवर वेगळंच गणित. मुंबई-पुणे रस्त्याने दीडशेच्या आसपास, रेल्वेने १९२ किमी. रेल्वे कल्याणवरून वळसा घेते, आणि कर्जतनंतर बोरघाट. १८६३ साली सुरू झालेल्या या घाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणून गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावतात. रस्त्याला खोपोली ते लोणावळा साडेपाचशे मीटर चढायचं. त्यात घाटाच्या एका भागात एक्स्प्रेस वे आणि जुना हायवे एकत्र येतात. दोन रस्त्यांच्या गाड्या एकाच रस्त्यात! तिथे एक ट्रक बंद पडला की अंतर तेवढंच राहतं, वेळ दुप्पट होतो. आमचं तेच झालं.

मामाला फोन करून विचारलं, तू घरून कधी निघालास? म्हणाला, "रात्री दोनला. साडेआठला हॉस्पिटल." म्हणजे साडेसहा तास! आम्हाला लागले पावणेपाच. जलद आम्हीच आलो होतो. फक्त मामाने वेळ बघून घर सोडलं आणि आम्ही किलोमीटर बघून.

पुढच्या चेकअपला पप्पांनी तीनचा गजर लावला. घाट रिकामा होता. साडेपाचलाच पोचलो आणि हॉस्पिटलबाहेर टपरी उघडायची वाट बघत बसलो.