गुण कोणाला आला, कोणाला नाही?

एखाद्या उपचाराचा वा योजनेचा गुण सर्वांना सारखाच येतो का? प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना जाणकारही फसतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेडचे उदाहरण घेऊ.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन कामाला लावले. त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या. पुढे संशोधकांनी प्रकल्पातील गावांची तुलना आसपासच्या इतर गावांशी केली. 1992 ते 2007 या काळात जन्मलेल्या मुलांची माहिती 2008 मध्ये त्यांच्या मातांकडून घेतली. इतर फरकांचा हिशेब केल्यावर प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळला. अनिश्चिततेची मर्यादा 6 ते 48 टक्के. मात्र हा फरक एक महिन्यावरील बालकांत स्पष्ट दिसला, पहिल्या महिन्यातील अर्भकांत तसा दिसला नाही.

मग नवजात अर्भकांना प्रकल्पाचा उपयोग झालाच नाही, असे म्हणावे का? ‘स्पष्ट दिसला नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे.

समजा (हे आकडे काल्पनिक आहेत), दर हजार मुलांमागे एका गटात 20 ± 14 मृत्यू टळले आणि दुसऱ्या गटात 12 ± 16. पहिल्याची मर्यादा 6 ते 34. तीत शून्य नाही. दुसऱ्याची उणे 4 ते 28. तीत शून्य आहे. ‘पहिल्याला गुण आला, दुसऱ्याला नाही’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण प्रश्न दोन गटांतील फरकाचा आहे, तेव्हा तो फरकच मोजला पाहिजे. 20 वजा 12 म्हणजे 8. त्याची अनिश्चितता काढण्यासाठी 14 व 16 यांच्या वर्गांची बेरीज करू: 196 + 256 = 452. वर्गमूळ सुमारे 21. म्हणजे फरक 8 ± 21, आणि शून्य तर आतच आहे! दोन गटांना वेगवेगळा गुण आला, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

दुसरा सापळा गट पाडत राहण्याचा. 1988 साली हृदयविकाराच्या 17 हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत ॲस्पिरिनने मृत्यू कमी झाल्याचे दिसले. संशोधकांनी मुद्दाम राशींनुसार गट पाडले, तेव्हा मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना फायदा दिसेना! पुष्कळ गट पाडले की एखाद्यात योगायोगाने विपरीत दिसतेच. म्हणून गट आधीच ठरवावेत, तेही थोडे.

त्या चाचणीत औषध कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरले होते. जामखेडची गावे तशी निवडलेली नव्हती. अशा निरीक्षणात तिसरी अडचण येते. समजा, प्रकल्पाची गावे रस्त्यालगत अधिक आहेत. आजारी बालकाला त्या रस्त्याने दवाखान्यात नेता येते. जन्मताच घरी दगावणाऱ्या अर्भकाला त्याचा फारसा उपयोग नाही. मग दोन वयोगटांतील फरक प्रकल्पाचा की रस्त्याचा? म्हणून रस्ता, पाणी, शिक्षण यांचा हिशेब प्रत्येक गटात वेगळा करावा लागतो.

ही नुसती आकडेमोड नव्हे. घाईने ‘यांना उपयोग नाही’ असे ठरवले, तर त्यांच्यासाठीचा खर्च आधी कापला जातो. ‘मुलींना फायदा, मुलांना नाही’ अशी बातमी वाचनात आली, तर विद्यार्थ्यांना एवढेच विचारायला शिकवू या: दोहोंतला फरक कोणी मोजला का?