दुधाच्या दातातले बियाणे

नृसिंहवाडीला दर्शन झाले की पेढे आणि कवठाची बर्फी घेतल्यावाचून कोणी परतत नाही. ती खाणाऱ्या मुलांत एखाद्याचा दुधाचा दात हलत असतोच. पडला की कोणी तो कौलावर टाकतो, कोणी उंदराच्या बिळात. पण ह्या दातात शास्त्रज्ञांना मोलाची वस्तू सापडली आहे.

दात म्हणजे नुसता दगड नव्हे. कठीण कवचाच्या आत मऊ, जिवंत मगज असतो. त्याला दंतमज्जा म्हणतात. तिच्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. म्हणून तर कीड आत शिरली की ठणका उठतो. शेतकरी सगळे धान्य दळून टाकीत नाही, थोडे बियाण्याला राखतो. तशाच ह्या मज्जेत काही 'मूळ पेशी' राखलेल्या असतात. त्या आपल्यासारख्या पेशी वाढवितात, आणि गरजेप्रमाणे निराळ्या कामाच्या पेशीही घडवितात.

अमेरिकेतील संशोधकांनी २००० साली अक्कलदाढेतून अशा पेशी वेगळ्या केल्या. २००३ साली त्या दुधाच्या दातांतही मिळाल्या. पुढे चीनमध्ये, मार लागून मज्जा मेलेल्या मुलांच्या पुढच्या पक्क्या दातांत, त्यांच्याच दुधाच्या दातांतील पेशी वाढवून घातल्या. मज्जा पुन्हा तयार झाली, संवेदनाही परतली. हा वृत्तांत २०१८ साली प्रसिद्ध झाला. मात्र हा प्रयोग थोड्याच मुलांवरचा आहे. मूळ पेशींतून माणसाला अख्खा नवा दात उगवून देणे अजून साधलेले नाही.

म्हणून सावध राहा. "पैसे भरा, मुलाचा दात साठवा, पुढे सगळे आजार बरे होतील," असे कोणी म्हटले तर लगेच खिशात हात घालू नका. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनी नाळेच्या रक्ताखेरीज दातांसारख्या इतर वस्तूंच्या पेढ्यांना मान्यता दिली नाही.

मग आपण काय करावे? शिक्षक बंधुभगिनींनो, "पडणारच आहे, किडू दे" हा समज आधी वर्गातून घालवा. दुधाचा दात पक्क्या दाताची जागा राखतो. गोड खाल्ल्यावर खळखळून चूळ भरणे, सकाळी आणि निजताना दात घासणे, याला पैसा लागत नाही. शास्त्र पुढे जाईल तेव्हा जाईल. आहे ते बियाणे किडू न देणे आजच आपल्या हाती आहे.